डावा आरसा रुसलाय, बॉस!

आज जरा कन्फेशनच्या मूडमध्ये आहे. मागच्या डिसेंबरात एका सकाळी मी माझ्या ‘ड्रीम कार’ने माझ्या बाबांना जवळजवळ ठोकलंच होतं. हो, सख्ख्या बाबांना! आणि दोष कोणाचा, तर गाडीच्या डाव्या आरशाचा... असं मी तेव्हा ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

थांबा, आधी गाडीची ओळख. 2008 चं मॉडेल, दोन दरवाजे, लाल रंग, जर्मन. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. एवढ्या जुन्या गाडीची कुरकूर कंपनीच्या माथी मारणं बरं नाही. सेकंड हँडही नाही, चांगली फोर्थ हँड! तुम्ही म्हणाल, त्या पैशांत नवी कोरी हॅचबॅक आली असती. आली असती ना. पण आमच्या पिढीला हा किडा शाळेतच चावला होता. 2001 पासून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार व्हायला लागली आणि 2004 मध्ये तिची टर्बोवाली आरएस आली. तिकडे गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची छोटीशी गाडी बनायची. अशी एखादी रस्त्यात दिसली की आम्ही सायकली थांबवून बघत बसायचो. तेव्हाच ठरवलं होतं, पगार सुरू झाला की घ्यायची एक. घेतली!

सीन इतवारीतला

आमचं घर इतवारीत. किराणा ओळीच्या मागची एक गल्ली, खाली गोदाम आणि वर आम्ही. गल्ली केवढी? समोरून हातठेला आला तर आरसे मिटून घ्यावे लागतात, एवढी. गाडी वळवायला जागा नाही, त्यामुळे रोज सकाळी रिव्हर्समध्येच बाहेर काढायची. गाडीत रिव्हर्स कॅमेरा नाही. आमचा कॅमेरा म्हणजे बाबा. मफलर गुंडाळून ते मागच्या बाजूला डावीकडे उभे राहतात आणि हात हलवत ‘येऊ दे, येऊ दे’ करतात.

त्या दिवशी साडेसहा वाजले होते. धुकं. सगळ्या गाड्यांवर दवाचा थर. मला मिहानला ऑफिसात पोचून साडेसातचा क्लायंट कॉल घ्यायचा होता. पुढची काच वायपरने साफ केली. उजवा आरसा खिडकीतून हात काढून स्वेटरच्या बाहीने पुसला. डाव्यापर्यंत हात पोचत नाही. पण टेन्शन कशाला? आपल्या गाडीत आरसा गरम करायचा हीटर आहे ना! बटण फिरवलं, मिनिटभर थांबलो. आरसा पांढराच. म्हटलं, होईल चालता चालता. टाकला रिव्हर्स.

आणि मागून डिकीवर जोरात थाप पडली. कचकन ब्रेक मारला. उतरून पाहिलं तर बाबा भिंतीला पाठ लावून उभे. त्यांच्यात आणि बंपरमध्ये वीतभर अंतर. मफलर खाली पडलेला.

‘‘दिसत नव्हतं तं थांबाचं ना बाबू,’’ एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

रात्री जेवताना मात्र फायनल निकाल आला. ‘‘संक्रांतीपर्यंत ही गाडी विकून टाक. आपल्या जुन्या गाडीले डावा आरसाच नव्हता, तरी वीस वर्षं कोणाले धक्का लागला नाही.’’

हीटर, आणि तोही नागपुरात?

आता तुम्ही हसत असाल. नागपूर आणि आरशाला हीटर! मे 2013 मध्ये जिथे पारा 47.9 डिग्रीवर गेला होता, तिथे आरसा गरम करायला बटण कशाला हवं? पण याच शहरात डिसेंबर 2018 मध्ये पारा 3.5 डिग्रीवर उतरला होता, हे विसरू नका. आमचा हिवाळा छोटा असतो, पण असतो सॉलिड.

दवाचा फंडा सोपा आहे. उसाच्या रसाच्या थंड ग्लासावर बाहेरून पाणी जमतं ना? तसंच. उघड्यावर उभ्या गाडीची काच रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. मग हवेतली वाफ तिच्यावर बारीक थेंब होऊन बसते. पावसाळ्यातही आरशावर थेंब जमून मागचं सगळं पुसट दिसतं. यावर उपाय म्हणून काचेच्या मागे एक पातळ पॅड चिकटवलेलं असतं. त्यात करंट गेला की काच कोमट होते आणि थेंब उडून जातात. युरोपातल्या बर्फासाठी काढलेली सोय, पण इतवारीच्या धुक्यातही कामाची!

म्हणजे, चालू असेल तर.

मी केलेला महागडा गाढवपणा

मग मी काय केलं? आपण सगळे करतो तेच. पार्ट बदलला! डावा आरसा तापत नाही, म्हणजे डाव्या आरशाचं पॅड गेलं. सिंपल. ऑनलाइन नवी काच मागवली. साडेसहा हजार रुपये आणि दहा दिवसांची वाट. रविवारी दुपारी मोबाइलवर व्हिडिओ लावून स्वतःच बसवली. सोमवारी पहाटे मोठ्या तोऱ्यात बटण फिरवलं.

थंडगार! दव तसंच. बाबा वरच्या गॅलरीतून बघत होते. काही बोलले नाहीत. हल्ली मी गाडी काढताना ते खाली येत नव्हते. आई म्हणाली, सकाळी गुडघा दुखतो त्यांचा. गुडघा! हो, असेल.

संक्रांतीला उरले होते तीन आठवडे. गाडी विकायची नव्हती. पण खरं सांगू? गाडीपेक्षाही ते खाली येत नाहीत, हे जास्त लागलं होतं.

‘एकच बंद हाय का दोनी?’

एका मित्राने पत्ता दिला. सीए रोड ओलांडायचा, मेट्रोच्या खांबांपलीकडे एक गल्ली आणि तिच्या टोकाला ‘सेल्फ, डायनामो, वायरिंग’ असा बोर्ड. साठीचे एक मिस्त्रीकाका. शनिवारी सकाळी सातलाच गेलो, तर ते शेकोटी पेटवून चहा पीत बसले होते. मी सगळी स्टोरी सांगितली. नव्या काचेचीही, थोड्या अभिमानाने.

काकांनी शांतपणे विचारलं, ‘‘भाऊ, एकच बंद हाय का दोनी?’’

मी ब्लँक! उजवा आरसा तापतो की नाही, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तो तर मी रोज बाहीने पुसायचो. काकांनी इंजिन चालू करायला लावलं, बटण फिरवलं आणि मला उजव्या आरशावर हात ठेवायला सांगितला. पाच मिनिटं हात तसाच. बर्फ! म्हणजे दोन्ही बंद होते आणि मी महिनाभर डाव्यालाच शिव्या घालत होतो.

‘‘दोन आरसे एकाच टायमाले कायले मरतील?’’ काका म्हणाले. ‘‘एक मेला असता तं काच पाह्यली असती. दोनी मेले तं मागं पाहा लागते.’’

काय लॉजिक आहे, बॉस! एकच आरसा थंड असेल तर बिघाड त्या आरशाच्या जवळपास असतो. पॅड तुटलेलं, पिना गंजलेल्या, किंवा वायर तुटलेली. आमच्या गल्लीत दिवसातून चार वेळा आरसा मिटावा लागतो, त्यामुळे मिटायच्या सांध्यात वायर तुटू शकते. तसंच दरवाजा आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत. पण दोन्ही थंड असतील तर दोघांना जोडणारं काहीतरी शोधायचं. फ्यूज, बटण, किंवा हुकूम देणारा गाडीचा कॉम्प्युटर.

बल्ब, मीटर आणि 43 चा आकडा

काकांनी आधी फ्यूज काढून पाहिला. ओके. मग डाव्या काचेवर कपड्याची टेप आडवी-उभी चिकटवली, म्हणजे फुटली तरी तुकडे उडणार नाहीत. प्लॅस्टिकची पट्टी घालून काच हळूच उचकटली. मागे दोन वायरी. त्यांना आधी मीटर न लावता दोन वायरींचा साधा टेस्टिंग बल्ब लावला. मी विचारलं, मीटर कशाला बाजूला ठेवलं? तर म्हणे, मीटर फसवतं. गंजलेल्या जोडातूनही ते 12 व्होल्ट दाखवतं, कारण ते स्वतः करंट जवळपास खातच नाही. बल्बाला खरा करंट लागतो. वायरीत दम नसेल तर बल्ब मिणमिणतो किंवा पेटतच नाही.

बल्ब पेटला नाही. आरशापर्यंत करंट येतच नव्हता.

मग मीटर निघालं, काचेमागचं पॅड मोजायला. सुमारे 8 ओहम. शाळेतला ओहमचा नियम आठवा. 12 भागिले 8 म्हणजे दीड अँपिअर, म्हणजे साधारण 18 वॅट. काच कोमट करायला पुरे. पॅड तुटलेलं असतं तर मीटरने आकडाच दाखवला नसता. खात्री म्हणून काकांनी मधे फ्यूज घातलेल्या वायरीने बॅटरीचा करंट थेट पॅडला दिला. दोन मिनिटांत काच कोमट! मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘जुनी काच हाय का?’’

डिकीत होती. तीही लावली. तीही कोमट!

साडेसहा हजार, मंडळी. साडे-सहा-हजार. मी शेकोटीकडे जाऊन उभा राहिलो.

काका मात्र ड्रायव्हर सीटवर बसून मीटरच्या पॅनेलकडे बघत होते. ‘‘हे काय होय बे?’’

पॅनेलवर बाहेरचं तापमान दिसतं. तिथे लिहिलं होतं 43. शेकोटीजवळ कुडकुडत मी हसलो. ‘‘काका, ते दिवाळीनंतर असंच दाखवतं. मी तर फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. डिसेंबरात 43 डिग्री, नागपूर इज नागपूर! सत्तर लाइक्स आले.’’

काका हसले नाहीत. ‘‘गाडीचं पुस्तक काढ.’’

पुस्तक म्हणजे ओनर्स मॅन्युअल. डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं, गाडी घेतल्यापासून एकदाही न उघडलेलं. इंडेक्समधून आरशाचं पान काढलं आणि तिथे एक ओळ होती. बाहेरचं तापमान साधारण 20 डिग्रीच्या खाली असेल तरच आरशांचं हीटिंग चालू होतं.

खल्लास! आरसे ठीक. पॅड ठीक. वायरी ठीक. गाडीला वाटत होतं की बाहेर मे महिना चालू आहे, आणि मेमध्ये कोणता शहाणा आरसा तापवेल? बिचारी अगदी नियमाने वागत होती. आणि हो, ऑटोवर ठेवलेला एसी हिवाळ्यातही थंड हवा मारायचा, तोही याचमुळे. मी रोज वैतागून नॉब लालकडे फिरवायचो, पण कारण शोधलं नाही.

आठवतं ना, मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 डिग्री दाखवले होते? देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तेव्हा मीच ऑफिसात सगळ्यांना लेक्चर दिलं होतं, की आकडा दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नसतो. स्वतःच्या गाडीतला आकडा मात्र जोक म्हणून फॉरवर्ड केला!

मुठीतला सेन्सर

हा सेन्सर असतो पुढच्या बंपरच्या मागे. छोटासा, दोन पिनांचा. काकांनी खाली वाकून हात घातला आणि लोंबकळणारी एक वायर बाहेर काढली. क्लिप तुटलेली, जोडात पाणी शिरून हिरवा गंज चढलेला. मग मला आठवलं. दिवाळीनंतर गल्लीत पोत्यांनी भरलेला ठेला बंपरला घासला होता. ओरखडा पडला नाही म्हणून मी खूश झालो होतो.

काकांची टेस्ट एकदम भारी होती. या सेन्सरचा रेझिस्टन्स उष्णता वाढली की कमी होतो आणि थंडी वाढली की जास्त. त्यांनी सेन्सरला मीटर लावलं आणि तो माझ्या मुठीत दिला. आकडा हलायला हवा होता. हलला नाही. मग थंड पाण्यात बुडवला. तरी नाही. आतून पाणी शिरल्याने तो कायमचा ‘गरम’ होऊन बसला होता.

अकरा वाजता स्पेअर पार्ट्सचं दुकान उघडलं. नवा सेन्सर साडेचारशेला मिळाला. जोड साफ करून, क्लिप बसवून बारा वाजले. थोडी चक्कर मारल्यावर आकडा खाली आला. 27. मी लगेच आरशाचं बटण फिरवलं. काही नाही!

काका पहिल्यांदा हसले. ‘‘आता कायचा तापते? 27 हाय ना बाहेर. उद्या पहाटे पाह्य.’’ आणि निघताना सीटवर एक जुनं सुती फडकं टाकलं. ‘‘हे ठेव. हीटर चालो का न चालो, आरसा दिसल्याबिगर गाडी हलवाची नाही.’’

साडेचारशेच्या सेन्सरपेक्षा ते फुकटचं फडकं मला जास्त टोचलं. कारण त्या सकाळी आरसा पांढरा होता, हे मला दिसत होतं. हीटर बिघडलेला होता हे खरं, पण रिव्हर्स टाकला मी. उतरून आरसा पुसायला दहा सेकंद लागली असती. कॉल थांबला असता. ही चूक कोणत्याही मीटरने मोजता येत नाही, आणि ती आरशाच्या नावावर टाकताही येत नाही.

फंडा क्लिअर!

तुमच्याकडेही अशी जुनी लाडकी असेल, तर पार्ट मागवण्याआधी एवढं करा:

• थंड सकाळी, इंजिन चालू ठेवून, दोन्ही आरशांवर हात ठेवून बघा. एकच थंड की दोन्ही? निम्मं काम इथेच होतं.

• मॅन्युअल उघडा. काही गाड्यांत हीटिंग आरशाच्या नॉबवर असतं, काहींत मागच्या काचेच्या डिफॉगरच्या बटणावर. काहींत ठरावीक वेळाने आपोआप बंद होतं, तर काहींत बाहेर गरम असेल तर चालूच होत नाही.

• पॅनेलवरचं बाहेरचं तापमान खरं वाटतंय का? नसेल तर आधी पुढचा सेन्सर तपासा.

• एकच आरसा थंड असेल तर काचेमागच्या पिना, आरसा मिटायचा सांधा आणि दरवाजाची रबरी नळी, या क्रमाने बघा.

• काच काढताना टेप लावा, प्लॅस्टिकचीच पट्टी वापरा, वायरी ओढू नका. टेस्टिंग बल्ब फक्त आरशाच्या वायरींना लावा. एअरबॅग किंवा सेन्सरच्या वायरींना चुकूनही नाही!

• पॅड थेट बॅटरीवर तपासायचं तर मधे फ्यूज हवाच. येत नसेल तर हे काम मिस्त्रीवर सोडा.

• आणि गाडीत फडकं ठेवा.

रविवारची पहाट

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तरी सहाला उठलो. पॅनेलवर 11. दव भरपूर. बटण फिरवलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. रिव्हर्स टाकला नाही. मिनिटभराने डाव्या आरशाच्या मधोमध एक ठिपका स्वच्छ झाला. मग तो पसरत गेला. भिंत दिसली, शेजाऱ्यांची सायकल दिसली, गोदामाचं शटर दिसलं. आणि शटरपाशी मफलर बांधून उभे असलेले बाबा दिसले. कधी खाली आले, कळलंच नाही.

मी काच खाली केली. ‘‘बाबा, त्या दिवशी आरसा खराब होता, पण चूक माझी होती. थांबायला पाहिजे होतं मी.’’

ते थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. मग विचारलं, ‘‘आता दिसतो का मी?’’

‘‘दिसता.’’

‘‘मंग येऊ दे,’’ म्हणाले, आणि दोन पावलं बाजूला सरकून हात हलवायला लागले.

संक्रांत झाली, तिळगूळ झाला. गाडी विकायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. साडेसहा हजारांची जुनी काच मात्र अजून डिकीत आहे. कोणाला हवी आहे का? चालू कंडिशन, गॅरंटीने तापते... फक्त पारा 20 च्या खाली गेला की!